मामाजींना पाण्याचा ठसका लागतो, भात मात्र उतरतो: काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सासरे, म्हणजे तुमचे मामाजी, वय ६४. दोन महिन्यांपूर्वी लकवा मारला, उजवा हात-पाय अजून ढिला, बोलणं बोबडं. मऊ वरण-भात जातो, पण पाणी आणि चहा पिताना ठसका लागतो. दोन महिन्यांत दोनदा ताप आला आणि गोळ्यांनी उतरला. वजन घटलंय. शेजारी म्हणतात पाणी बंद करा, दीर म्हणतात नळी टाकून आणू. सासूबाई त्यांना खाटेवर आडवं ठेवूनच चमच्याने पाजतात, कारण बसवलं की ते घसरतात. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की ते २० वर्षं खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) खात होते, अजूनही अधूनमधून मागतात. प्रश्न एवढाच विचारलाय: ठसका कसा बंद करायचा?

मी १८ वर्षं वर्धा-यवतमाळ भागात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. लोकांना वाटतं आम्ही फक्त बोलणं शिकवतो. पण ज्या जिभेने, ओठांनी, टाळूने आणि घशाने माणूस बोलतो त्यांनीच तो गिळतो, म्हणून माझे निम्मे रुग्ण गिळण्याची तक्रार घेऊन येतात. त्यातले बरेच तुमच्या मामाजींसारखेच असतात.

तुमचं पत्र वाचताना मला ठसक्याची तेवढी काळजी वाटली नाही, जेवढी त्या दोन तापांची वाटली. ठसका हा घरचा राखणदार आहे. चुकीच्या वाटेने काही शिरलं की तो ओरडतो आणि शिरलेलं बाहेर ढकलतो. तो ओरडतोय तोवर निदान वाट चुकल्याचं कळतं तरी. काही रुग्णांचा हा राखणदारच झोपतो. पाणी श्वासनलिकेत जातं आणि खोकला येतच नाही. आर्णीकडच्या एका घरात म्हातारीने मला आनंदाने सांगितलं होतं, "मॅडम, बुढा आता खोकलत नाही, बरा झाला." मी त्यांना एक चमचा पाणी दिलं आणि 'आ' म्हणायला लावलं. आवाज असा आला, जसा गळ्यात पाणी धरून गुळणी करताना येतो. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, ते घरच्यांनी उन्हावर ढकललं होतं. छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला. म्हणून माझी पहिली विनंती ही की ठसका बंद करणं हे ध्येय ठेवू नका. छातीत काही जाऊ नये, आणि पोटात पुरेसं अन्नपाणी जावं, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. या दोन्ही जमल्या की ठसका आपोआप कमी होतो.

आता भात जातो आणि पाणी का जात नाही, ते सांगते. हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारतात, कारण सगळ्यांना वाटतं पातळ तेच सोपं.

आपल्या घशात एक चौफुली आहे. नाकातोंडातून येणारी हवा आणि तोंडातून येणारा घास तिथे एकमेकांना आडवे जातात. घास आला की साधारण एका सेकंदात बरंच काही घडावं लागतं. जीभ घास मागे ढकलते. मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो. कंठमणी वर आणि पुढे सरकतो, स्वरतंतू मिटतात, श्वासनलिकेवर झाकण झुकतं, आणि त्याच वेळी अन्ननलिकेचं एरवी बंद असणारं तोंड उघडतं. तेवढा वेळ श्वास थांबलेला असतो. स्वतःच्या कंठमण्यावर दोन बोटं ठेवून थुंकी गिळा, तो उडी मारल्यासारखा वर जाऊन खाली येतो.

हे रेल्वेच्या फाटकासारखं समजा. लकव्यानंतर फाटक पडतं, पण उशिरा पडतं. भाताचा घास बैलगाडीसारखा सावकाश येतो, तोवर फाटक पडलेलं असतं. पाणी मात्र मोटारसायकलसारखं फाटक पडायच्या आत निसटून जातं. म्हणून पाण्यालाच ठसका. उलट काही रुग्णांत फाटक वेळेवर पडतं, पण जिभेत आणि घशात ढकलायची ताकद नसते. त्यांना पाणी बरं जातं आणि भाकर, बटाटा, घट्ट शिरा घशातच चिकटून बसतो. दोघांनाही लोक 'गिळता येत नाही' हेच म्हणतात, आणि दोघांचा उपाय एकमेकांच्या उलट असतो. म्हणूनच दुसऱ्याच्या रुग्णाला लागू पडलेला सल्ला मामाजींना चालेलच असं नाही.

इथून, न तपासता, मला काय सांगता येत नाही तेही बोलून टाकते. त्यांचं फाटक किती उशिरा पडतं, घशात किती उरतं, उरलेलं खोकल्याशिवाय खाली जातं का, हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी दोन तपासण्या आहेत. एकीत नाकातून बारीक दुर्बीण घालून, रुग्ण गिळत असताना घसा बघतात. दुसरीत बेरियम मिसळलेलं पातळ-घट्ट अन्न देऊन एक्स-रेवर गिळण्याचं चलत्चित्र बघतात. सेवाग्राम, सावंगी, यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज, नागपूरचं मेडिकल, यांपैकी जे सोयीचं असेल तिथल्या कान-नाक-घसा विभागात आधी फोन करा आणि विचारा, "गिळण्याची दुर्बिणीची तपासणी होते का, आणि स्पीच थेरपिस्ट कोणत्या वारी असतात?" एवढं विचारून निघालात तर एक खेप वाचते. दोनदा ताप आलेल्या माणसाची ही तपासणी मी लांबवणार नाही. पुढच्या आठवड्याभरात न्या.

पण तोवर घरी जेवण तर द्यावंच लागणार.

आधी ती खाट. नवारीची किंवा सुंभाची खाट मध्ये झोल खाते. मामाजींना टेकवून बसवलं की कंबर त्या झोलात सरकते, हनुवटी वर जाते, मान मागे पडते. मान मागे पडली की श्वासनलिकेची वाट सरळ होते आणि घोट नेमका तिकडे जातो. आडवं ठेवून पाजण्यात हेच होतं, शिवाय पाणी स्वतःच्या वजनाने घशात ओघळतं, गिळायची वाट बघत नाही. सासूबाईंचा यात दोष नाही. घसरणाऱ्या माणसाला एकट्या बाईने कसं धरायचं? पण आजपासून खाटेवर जेवण बंद करा. प्लास्टिकची हात असलेली खुर्ची भिंतीला लावा. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. उजव्या कुशीला घडी घातलेली गोधडी खोचा, कारण ते त्या बाजूला कलणार. ढिला हात मांडीवर उशी ठेवून तिच्यावर ठेवा, लोंबकळू देऊ नका. भरवणाऱ्याने समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसावं. उभं राहून भरवलं की रुग्ण वर बघतो आणि मान परत मागे जाते. जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. हे एवढं साधं वाटतं की घरचे त्याला उपचार मानत नाहीत, पण माझ्या कामात सर्वांत जास्त फरक मी या एका बदलाने पाहिलाय.

'घोट घेताना हनुवटी छातीकडे न्या' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. उशिरा पडणाऱ्या फाटकाला तो बहुधा उपयोगी पडतो. पण ओठ नीट मिटत नसतील तर सगळं बाहेर सांडतं, आणि घशात अन्न साचणाऱ्या काहींना त्याने त्रास वाढतो. मान ढिल्या बाजूला वळवून गिळणं हाही एक चांगला उपाय आहे, त्याने घशाची कमजोर बाजू दाबली जाते आणि घास चांगल्या बाजूने जातो. मात्र हात-पाय उजवा ढिला म्हणजे घसाही उजवाच ढिला, असं प्रत्येक वेळी नसतं. ते तपासणीत ठरतं. तोवर मान सरळ, हनुवटी किंचित खाली, एवढंच करा. घास मात्र डाव्या गालात, चांगल्या बाजूला ठेवा.

आता पाण्याचं. शेजाऱ्यांचं 'पाणी बंद करा' ऐकू नका, मे महिन्यात तर नाहीच. आणि पाणी घट्ट करून द्यायचं ठरवलंत तरी सावध राहा. यात मी स्वतः चुकले आहे. एका आजोबांना मी सगळं पातळ घट्ट करून द्यायला सांगितलं. ठसका थांबला, घर खूश, मीही खूश. तीन आठवड्यांनी ते जीभ सुकलेली, लघवी गढूळ, अंगात ताप, अशा अवस्थेत भरती झाले. ते बुळबुळीत पाणी त्यांना आवडत नव्हतं, म्हणून ते दिवसाला दोन वाट्यांवर आले होते. दिवसभरात किती जातं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पुढे वाचण्यात आलं की २००८ साली अमेरिकेत ५१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ते रुग्ण कंपवाताचे आणि विसरभोळेपणाच्या आजाराचे होते, लकव्याचे नव्हते. घट्ट पाणी देणं आणि हनुवटी खाली करून साधं पाणी देणं यांत तीन महिन्यांत न्यूमोनियाचा ठळक फरक दिसला नाही, आणि घट्ट पाणीवाल्यांत शरीरातलं पाणी कमी होणं, लघवीचा संसर्ग आणि ताप मिळून जास्त दिसले. तेव्हापासून मी घट्टपणा सांगताना मोजमापही सांगते. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून दिलेलं नसेल, तर ताक, पेज, आंबील, वरण सगळं धरून दिवसाला साधारण दीड लिटर. लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे. गर्द झाली तर कमी जातंय.

घट्ट कशाने करायचं? बाजारात पावडर मिळते, पण ती महाग आहे आणि तालुक्याला सहज मिळत नाही. आपल्याकडे तांदळाची पेज आहे, ज्वारीच्या पिठाची आंबील आहे. दोन्ही गाळणीतून काढायच्या, गुठळी किंवा कणी राहू द्यायची नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, ती मला कुणी सांगितली नव्हती, एका घरी डोळ्यांनी दिसली. सून वाटीभर छान दाट पेज घेऊन बसली. पहिले चार चमचे नीट गेले, दहाव्याला ठसका. मी वाटीत बघितलं तर पेज पाण्यासारखी झालेली. पिठाचा दाटपणा लाळेने मोडतो. तोंडातला चमचा परत परत त्याच वाटीत बुडवला की लाळ उतरते आणि पेज पातळ होत जाते. म्हणून मोठ्या भांड्यातून लहान वाटीत चार-पाच चमचे घ्यायचे, ते संपले की वाटी पुसून पुन्हा घ्यायचे.

किती दाट, हे रोज सारखं राहावं म्हणून एक युक्ती आहे. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुई आणि आतली दांडी काढून टाका. खालचं तोंड बोटाने दाबून १० मिलीच्या खुणेपर्यंत पेज भरा. बोट काढा, १० सेकंद मोजा, पुन्हा दाबा. काहीच उरलं नाही तर ते पाणीच. १ ते ४ मिली उरलं तर किंचित दाट. ४ ते ८ उरलं तर त्याहून थोडं दाट. ८ च्या वर उरलं पण थेंब पडत होते, तर चांगलंच दाट. जगभर हीच पद्धत वापरतात. सिरिंजच्या कंपनीगणिक लांबी थोडी बदलते, म्हणून घरी एकच सिरिंज धुऊन ठेवा. मामाजींसाठी, तपासणी होईपर्यंत, ४ ते ८ मध्ये उरणारं पेय मी सुरुवातीला देऊन बघितलं असतं. चमच्याने, एका वेळी अर्धा चमचा. गिळल्यावर 'आ' म्हणायला सांगायचं. आवाज ओला आला तर खाकरायला लावायचं, परत एकदा कोरडं गिळायला लावायचं, मगच पुढचा चमचा. ग्लास तोंडाला लावायचा नाही आणि स्ट्रॉही नको.

खाण्यात वरण-भात चालतो म्हणता, पण तो कसा, हे बघा. पातळ वरणात भाताची शितं तरंगत असतील तर तो एकाच घासात दोन पदार्थ झाला, पाणी आधी पळतं आणि शितं मागे राहतात. दुधात कुस्करलेली भाकर, चहात बुडवलेलं बिस्किट, रस्सा घातलेले पोहे, सगळ्यांत हीच अडचण. वरण आणि भात एकजीव घोटून, ताटात चमचा उभा राहील असं करा आणि वर तूप घाला, घसरायला बरं. तुरीचं घट्ट घोटलेलं वरण, आलन लावलेली पालेभाजी, मऊ पातोडीचा कुस्करा, दह्यात घोटलेली खिचडी, केळ, पिकलेली पपई चालेल. कोरडी भाकर, फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे, जवसाची कोरडी चटणी सध्या बंद. हे भुगा होऊन घशात पसरतात आणि दुबळी जीभ तो भुगा गोळा करू शकत नाही.

एक खास सांगते, कारण आपल्याकडे हे फार घडतं. रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक जण संत्री घेऊन येतो. संत्र्याची फोड बाहेरून चिवट आणि आत रसाने भरलेली. दाताखाली फुटली की रस एकदम घशात जातो आणि साल-रेषा तोंडात राहतात. लकव्याच्या माणसाला याच्याइतकं अवघड फळ मला दुसरं माहीत नाही. रस काढून, गाळून, पेजेत मिसळून द्या.

तोंड स्वच्छ ठेवण्यावर मी जरा जास्त बोलते, आणि लोक ते सोडून देतात. कितीही काळजी घेतली तरी थोडी लाळ चुकीच्या वाटेने जाणारच, रात्री झोपेत तर जातेच. ती लाळ स्वच्छ असेल तर फुप्फुस बहुधा निभावतं. दातांच्या फटीत सडलेलं अन्न, जिभेवरचा पांढरा थर आणि त्यातले जंतू घेऊन गेली तर न्यूमोनिया होतो. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, वाटाण्याएवढं पेस्ट, पुढे वाकवून. प्रत्येक जेवणानंतर टॉर्च लावून उजवा गाल ओढून बघा. तिथे घास साठलेला असतो आणि त्यांना तो जाणवतच नाही. मी एकदा सकाळी ११ वाजता एका गालातून आदल्या रात्रीचा भात काढलाय. बोट घालू नका, चावा बसतो. ब्रशला ओलं सुती कापड गुंडाळा. कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात ठेवा.

आणि आता तुमची ती शेवटची ओळ, खर्रा. लकवा झाला म्हणून घरातल्या प्रत्येकाने गिळण्याचा दोष लकव्याला दिला, आणि ते स्वाभाविक आहे. पण २० वर्षं सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोळवलेल्या तोंडात आणखी एक आजार असू शकतो. सुपारीमुळे गालाच्या आतला भाग हळूहळू पांढरट, ताठ होत जातो. सुरुवातीला तिखट झोंबतं, ठेचा सोडावा लागतो, मग तोंड कमी उघडायला लागतं, पुढे जीभ आणि घसाही आखडतो. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांत बसतात का, बघा. दोनच बसत असतील तर लकव्याच्या आधीपासून काहीतरी चालू आहे. असा ताठरपणा आलेल्या तोंडात कॅन्सरची शक्यता वाढते. न दुखणारा पांढरा-लाल डाग, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, एकाच कानात कळ, यातलं काहीही दिसलं तर त्याच खेपेत कान-नाक-घसा किंवा दातांच्या डॉक्टरांना दाखवा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्येच बंदी आली, पण पानठेल्यावर हाताने घोटलेला खर्रा आपल्या भागात सहज मिळत राहिला. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या लकव्याच्या पुरुषांपैकी कितीतरी जण हे दोन्ही आजार घेऊन येतात. सध्याची निकड आणखी सरळ आहे. सुपारीचा बारीक तुकडा, तोही बधिर गालात, म्हणजे रात्री श्वासनलिकेत जाण्याची पूर्ण तयारी. ते मागतात तेव्हा मन मोडवत नाही, हे मला माहीत आहे. तरी एक चिमूटही देऊ नका.

दिरांच्या नळीबद्दल. नळीला लोक घाबरतात, 'नळी टाकली म्हणजे संपलं' असं समजतात. तसं नाही. लकव्यानंतर सुरुवातीला निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायचा त्रास असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा सुधारतो. तेवढ्यापुरती नाकातली नळी पोट भरते, ताकद टिकवते. मामाजींना दोन महिने झालेत, वजन घटतंय, ताप येतोय. तपासणीत घास बराच छातीत जातोय असं दिसलं, तर नळीला हो म्हणा. महिनाभराहून जास्त लागणार असेल तर पोटातून थेट बसवायच्या नळीबद्दल विचारा, नाकातली सारखी निघते आणि घसा सोलवटतो. नळी असतानाही घशाचे व्यायाम आणि तोंडाची सफाई थांबवायची नाही. आणि नळी असली तरी लाळ आणि पोटातून उलट आलेलं अन्न छातीत जाऊ शकतं, म्हणून नळीतून देतानाही उंच बसवायचंच.

व्यायाम मी इथे लिहून देणार नाही, एक सोडून. मऊ टॉवेलची गुंडाळी हनुवटीखाली धरून ती हनुवटीने दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. मान दुखत असेल तर नाही. उताणं झोपून डोकं उचलण्याचे किंवा श्वास रोखून गिळण्याचे व्यायाम मोबाइलवर दिसतात. रक्तदाब, हृदय, मानेचे मणके यांचा त्रास असलेल्याला ते बघितल्याशिवाय देत नाहीत.

गोळ्या पाण्यासोबत देताय का? तिथेच बरेचदा ठसका लागतो. केळ्याच्या गरात किंवा घट्ट दह्यात द्या. पण प्रत्येक गोळी कुटायची नसते. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर सगळा डोस एकदम जातो. गोळ्यांची पाकिटं घेऊन औषधवाल्याला विचारा, कुठली कुटायची आणि कुठली नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं लिहिते, कारण गिळता न येणं म्हणजे नेहमी लकवाच असं नाही. घास गळ्यातून उतरतो पण छातीत अडकतो, आधी भाकर मग भात मग पातळ, असा त्रास वाढत गेला असेल तर तो अन्ननलिकेचा आहे, दुर्बिणीने तपासा, वाट बघू नका. जेवायला बसताना ठीक आणि जेवता जेवता गिळण्याची ताकद संपते, संध्याकाळी पापण्या मिटतात, तर तो मज्जातंतू आणि स्नायूंच्या जोडाचा आजार असू शकतो, न्यूरोलॉजीला दाखवा. फवारणी केलेल्या माणसाला विषबाधेतून बरं झाल्यासारखं वाटून एक ते चार दिवसांत मान उचलता येईना, गिळता येईना, तर लगेच दवाखाना. त्यात श्वासाचे स्नायूही थकतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळने फवारणीची विषबाधा किती जवळून पाहिली, ते आपल्याला सांगायला नको. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, पापण्या जड, थुंकी गिळता येईना, तर अंगावर दंश दिसो न दिसो, मण्यार साप चावला समजून दवाखान्यात पळा. या शेवटच्या दोघांच्या तोंडात पाणी घालू नका. शुद्ध हरपलेल्या माणसाला चमचाभर पाणी पाजण्याची आपली रीत मायेची आहे, पण ते पाणी सरळ छातीत जातं.

मामाजींच्या बाबतीत १०८ ला फोन कधी? श्वास मिनिटाला २५ च्या वर जातोय, ओठ निळसर, गुंगी, लाळही गिळता येत नाही, तापासोबत छातीत घरघर, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. आणि घास अडकून आवाजच बंद झाला तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा, नाही निघाला तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर दाब, आलटून पालटून. खोकू शकत असतील तर मात्र पाठीवर मारू नका, खोकू द्या.

तपासणीला जाण्याआधी चार दिवस एक वही ठेवा. काय दिलं, किती चमचे, किती वेळ लागला, ठसका कशाला लागला, आवाज ओला झाला का, संध्याकाळी ताप किती. एकेका जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर तेही लिहा, थकवा तिथे दिसतो. ही वही आमच्यासाठी कुठल्याही जुन्या रिपोर्टपेक्षा जास्त कामाची असते. सासूबाईंना हे सगळं एकदम सांगू नका, आज फक्त खुर्ची लावून दाखवा आणि पहिले दहा चमचे तुम्ही स्वतः भरवा, त्या बघतील.

आणि टॉर्च लावून तोंड किती बोटं उघडतं आणि गालात डाग आहे का, एवढं आज रात्रीच बघून इथे लिहा. त्यावरून आधी कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, ते मी सांगते.